तुझ्या केसांना शोभेल असं

फवाऱ्यानं दोनदा पाणी मारून पार्लरवालीनं कंगवा उचलला, पण केसांना लावला नाही. मानेजवळची एक बट तिनं बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग कंगवा एप्रनच्या खिशात टाकला.

"याआधी कुठं कापायचात?"

"घरीच," धाकटी म्हणाली. "म्हणजे, घरातल्याच माणसाकडं."

हे खोटं नव्हतं. थोरल्या बहिणीचं पार्लर चांगलं नावाजलेलं होतं आणि गेली बावीस वर्षं दर दीड महिन्यानं धाकटी तिच्याच खुर्चीत जाऊन बसत होती. पण सध्या थोरली दुसरं पार्लर काढत होती. रंगारी, नळवाले आणि आरसेवाले यांच्यामागे ती पायाला भिंगरी लावून फिरत होती, आणि 'छोटे, पुढच्या आठवड्यात ये' म्हणून तिनं धाकटीला तीनदा परत पाठवलं होतं. तीन महिने झाले. पुढचे केस डोळ्यांवर यायला लागले. चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांना फ्रेमा दाखवायच्या आणि आपल्याच डोळ्यांवर झापड, हे काही बरं दिसेना. शेवटी बसस्टॉपसमोरच्या या एकाच खुर्चीच्या पार्लरमध्ये ती शिरली, तीही इकडंतिकडं बघत, कोणी ओळखीचं तर नाही ना याची खात्री करून.

"चष्मा घाला बरं एकदा," पार्लरवाली म्हणाली.

"आत्ता? कापायचंय ना अजून?"

"कापू हो. आधी बघा तरी."

धाकटीचा नंबर उणे सात होता. चष्मा काढला की आरशातला माणूस म्हणजे नुसता कणकेचा गोळा. केस कापायला बसायचं म्हणजे चष्मा मांडीवर ठेवायचा, गप्पा मारायच्या आणि सांगतील तेव्हा परत घालायचा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. ती चष्मा घालायची तोवर थोरलीनं केस ड्रायरखाली ताणून, वाळवून, चापूनचोपून बसवलेले असायचे. घरी न्हाल्यावरसुद्धा ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालायचा, सगळे मागं ओढायचे आणि पिना लावायच्या, अशी थोरलीची शिस्त होती. ओले केस तसेच सोडून आरशासमोर उभं राहायचं धाकटीला कधी सुचलं नव्हतं. कशासाठी उभं राहायचं?

तिनं चष्मा घातला. कपाळाच्या कडेला, कानामागं, मानेवर केस आवळून वळले होते. पेन्सिल सोलताना साल वळते तसे.

"हे कशानं झालं?"

"झालं नाही. असेच आहेत ते. तुमचे केस कुरळे आहेत."

धाकटी हसली. "माझे केस राठ आणि विरळ आहेत," ती म्हणाली. रक्तगट विचारल्यावर सांगतात, त्या सुरात.

"कोणी सांगितलं?"

पार्लरवालीनं वरचा थर उचलून चिमट्यानं धरला आणि हातातला लहान आरसा मागं नेऊन आतलं दाखवलं. वरून जे केस बरे दिसत होते त्यांच्या पोटात नुसती खुंटं होती.

"आतून पातळ केलेत, थिनिंगच्या कात्रीनं. कुरळ्या केसाला वळायला शेजारच्या केसाचा आधार लागतो. तो आधारच काढून टाकला की वरचे नुसते पिंजारतात. मग माणसाला वाटतं, आपले केसच वाईट. हे तीन महिने कोणाचा हात लागला नाही, म्हणून मुळाशी दिसायला लागलेत."

"शिकाऊ असेल कोणी," धाकटी म्हणाली. आपण कोणाची बाजू घेतोय, हे तिचं तिला कळत होतं.

पार्लरवालीनं मान हलवली. "शिकाऊ हात लगेच कळतो. इकडं जास्त, तिकडं कमी. हे मोजून केलंय हो, दर वेळी त्याच जागी. कुरळे केस कसे उसळतात हे ज्याला पुरतं ठाऊक आहे, त्यालाच ते इतके नेमके बसवता येतात." मग आपण जास्त बोललो असं तिला वाटलं असावं. "जाऊ द्या. मला काय करायचंय. तुमच्या केसांना शोभेल असं कापून देते. वेळ आहे ना?"

वेळ होता. बावीस वर्षं गेलीच होती, त्यात आणखी दीड तास.

पार्लरवालीनं केस आधी वाळू दिले. मग एकेक बट बोटावर घेऊन, तिचा कल बघून, शेंड्याला कात्री लावत राहिली. धाकटीनं चष्मा पुन्हा मांडीवर घेतला. समोर कणकेचा गोळा होता आणि डोक्यात बारा वर्षांपूर्वीची एक दुपार.

तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत काचा घासायची. मालक म्हणायचे, बाहेर काउंटरवर ये, तुला नजर आहे. ती म्हणायची, माझा चेहरा आतच बरा. त्या दुपारी काच घासायच्या यंत्राची पाण्याची नळी फुटली आणि ती डोक्यापासून भिजली. पिना सुटल्या. पुसायला फडकंही कोरडं राहिलं नव्हतं. यंत्र दुरुस्त करणारा माणूस आला, तासभर खाली मान घालून नळी बसवत राहिला आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "केस असेच ठेवा की. छान दिसतात."

एवढंच म्हणाला होता तो.

दुसऱ्याच आठवड्यात खुर्चीत बसून तिनं हे थोरलीला सांगितलं. हसत हसतच सांगितलं, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. थोरलीची कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. "चेष्टा केली असेल गं," थोरली म्हणाली. "मनावर घेऊ नकोस."

तिनं मनावर घेतलं. त्यानंतर यंत्र बिघडलं नसतानाही तो दोनतीनदा येऊन गेला. चहा घेणार का, म्हणून विचारलं. तिनं काचेवरून मान वर केली नाही. पुढं त्याच्या जागी दुसराच माणूस यायला लागला. पहिल्याचं लग्न झालं, असं कोणीतरी कोणालातरी सांगताना तिनं ऐकलं. त्या माणसावर तिचा जीव जडला होता, असंही नव्हे. जीव जडायला निदान वर तरी बघावं लागतं. पण ते एक वाक्य तिनं बारा वर्षं चेष्टा म्हणून जपून ठेवलं होतं, आणि पुढं कोणी काही बरं बोललंच तर आधी हे वाक्य काढून ती त्याला लावून बघायची.

"घाला आता," पार्लरवाली म्हणाली.

धाकटीनं चष्मा घातला. आरशातल्या बाईच्या चेहऱ्याभोवती दाट, गोल, काळंभोर काहीतरी उभं होतं आणि त्याच्यामुळं हनुवटी नाजूक आणि डोळे मोठे दिसत होते. ती सुंदर दिसत होती. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तो एकोणचाळीस वर्षांच्या बाईनं परक्या पार्लरमध्ये दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून तिनं चष्म्याची काच ओढणीच्या टोकानं पुसली. 'केसानं गळा कापणे' याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असं शाळेत एकदा परीक्षेला आलं होतं. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. वाक्य काय लिहिलं होतं, ते काही केल्या आठवेना.

"सहा महिने कोणाला कात्री लावू देऊ नका," पार्लरवालीनं निघताना बजावलं. "घरातल्या माणसाला तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात आतले काका काचांचा खोका घेऊन बाहेर आले आणि तिच्याकडं बघत उभेच राहिले. आता आतल्या खोलीत यंत्रावर तेच बसत. दुकानात त्यांना आतले काका याच नावानं ओळखत, ते बाहेर उभे असले तरी.

"ही कोण?" ते म्हणाले.

"मीच आहे."

"ते दिसतंय. पण मग इतकी वर्षं कोण येत होतं?"

त्यांनी आपलं सहज विचारलं होतं. ती कोरडं हसली आणि फ्रेमांची फडताळं पुसायला लागली.

गेली दहा वर्षं ती काउंटरवर होती. मालकांनी अखेर हट्टानंच तिला बाहेर आणलं होतं आणि तिच्याइतकी फ्रेम कोणाला जमत नाही, असा तिचा लौकिक झाला होता. या कामात एक गंमत आहे, ती बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. मोठ्या नंबरच्या माणसाला नवी फ्रेम लावून बघायची तर जुना चष्मा काढावा लागतो, आणि नव्या फ्रेमला नंबर नसतो. म्हणजे जो आपला चेहरा बघायला आरशासमोर उभा राहिला, त्यालाच तो दिसत नाही. आता लोक फोन काढून फोटो घेतात, पण बरेच जण मान वर करून नुसतं विचारतात, कशी दिसते हो? त्या वेळी विकणारीचे डोळे तेच त्यांचे डोळे. न खपलेली महागडी फ्रेम गळ्यात मारायची ती हीच वेळ, आणि तशी मारणारे कमी नाहीत. धाकटीनं एकदाही मारली नव्हती. 'ही नको, हिच्यात तुम्ही आजारी दिसता,' असं ती तोंडावर सांगायची. लोकांना राग यायचा आणि मग ते तिच्याकडंच परत यायचे. एकदा काच एका फ्रेमच्या मापानं कापली की ती दुसरीत बसत नाही, ती काच गेली. म्हणून काय ते कापण्याआधी खरं बोलावं, असं तिचं साधं गणित होतं.

थोरलीचे चष्मेही तीच निवडायची. त्या घराण्याला डोळे म्हणजे नावालाच दिलेले. थोरलीचाही नंबर उणे सहा. थोरलीचा चेहरा लांबट, गाल बसलेले, केस पातळ आणि टाळूला चिकटलेले. पण रुंद काचांची, वरची कड बाहेरच्या टोकाला जराशी उचललेली, तपकिरी रंगाची फ्रेम घातली की तोच चेहरा रुबाबदार व्हायचा. चाळिसाव्या वर्षी पाहिलेले लोक सेहेचाळिसाव्या वर्षी म्हणायचे, तुमचं वय वाढतच नाही. थोरली हसून म्हणायची, "माझे डोळे छोटीच्या ताब्यात आणि तिचं डोकं माझ्या." घरातला हा जुना विनोद होता आणि आजवर दोघीही त्याला हसत आल्या होत्या.

रविवारी सकाळी पार्लर उघडायच्या आधी धाकटी तिथं गेली. थोरली आरसे पुसत होती. आरशातच तिला धाकटी दिसली आणि हातातलं फडकं जागच्या जागी राहिलं. मग ती वळली, जवळ आली, कुठल्याही गिऱ्हाइकाभोवती फिरावं तशी एकदा तिच्याभोवती फिरली. एक बट उचलून ताणली, सोडून दिली. बट उसळून जागेवर गेली.

"कोरडे कापलेत," थोरली म्हणाली. "एकेक बट घेऊन. कोणाकडं गेलीस?"

"बसस्टॉपसमोर आहे एक."

"हात चांगला आहे तिचा."

धाकटी वाट बघत राहिली. रस्त्यानं येताना तिनं सगळं ठरवलं होतं. थोरली कानांवर हात ठेवेल, मग आपण खुंटांचं सांगायचं. थोरली रडेल, मग आपण रडायचं नाही.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"कुरळे आहेत ते."

थोरलीनं फडक्याची घडी घातली. "बावीस वर्षं तुझं डोकं माझ्या हातात आहे, छोटे. ठाऊक नसेल कसं?"

हे धाकटीच्या ठरवण्यात नव्हतं. समोरच्या भिंतीवर थोरलीनं हौसेनं करून घेतलेला तक्ता होता. 'तुमच्या केसांना कोणता कट शोभेल?' त्याखाली चार रकाने: सरळ, लाटदार, कुरळे, राठ व विरळ. कुरळे या रकान्यात कुठल्याशा मासिकातली बाई होती. राठ व विरळ या रकान्यात धाकटीचे दोन फोटो होते, एक आधीचा पिंजारलेला आणि एक नंतरचा चापून बसवलेला. नंतरच्या फोटोत ती हसत होती. चला, आपल्या खराब केसांचा ताईच्या धंद्याला तरी उपयोग झाला, याचं तिला तेव्हा खरोखर बरं वाटलं होतं.

"मग का?"

थोरली गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत बसलेली थोरली धाकटीनं कधी पाहिली नव्हती.

"तू अगदी लहान होतीस, तुला आठवणार नाही, पुढं आई तेल चोपडून घट्ट वेण्याच घालायची; पण तेव्हा घरी कोणी आलं की तुझ्या डोक्यावरून हात फिरवायचं. काय केस आहेत पोरीचे म्हणून. मी शेजारीच उभी असायचे, उंदराच्या शेपटीएवढ्या दोन वेण्या घेऊन. आई म्हणायची, हिला केस दिलेत, तुला अक्कल दिलीय. अकलेवरून कोणी हात फिरवत नाही गं."

"म्हणून तू..."

"म्हणून काही नाही. पहिल्यांदा कापले तेव्हा मी खरंच शिकत होते. चुकले. आतून जास्त गेले आणि सगळे पिंजारले. तू रडायला लागलीस. मला चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, माझा दोष नाही, तुझे केसच तसे आहेत. आणि तू डोळे पुसून मान डोलावलीस." थोरलीनं खुर्चीच्या हातावरून फडकं फिरवलं. "तू इतक्या चटकन मानशील असं वाटलं नव्हतं. मग पुढच्या वेळी तेच सोपं झालं. आणि त्याच्या पुढच्या वेळी."

"आणि त्या माणसाचं?"

"कुठल्या?"

"यंत्र दुरुस्त करायला यायचा तो. केस असेच ठेवा म्हणाला होता. तुला सांगितलं होतं मी."

थोरली आठवू लागली. कपाळाला आठ्या घालून, मनापासून आठवू लागली. ती सोंग करत नव्हती, हे धाकटीला स्पष्ट दिसलं, आणि सोंग केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"नाही गं आठवत. काय म्हणाले मी?"

"चेष्टा केली असेल, म्हणालीस."

"म्हणाले असेन," थोरली म्हणाली. मग तिचा आवाज चढला, कोपऱ्यात सापडलेल्या माणसाचा चढतो तसा. "पण तूही कमाल करतेस. मी म्हटलं आणि तू धरून बसलीस? इतक्या वर्षांत एकदा चष्मा लावून बघायचं होतंस. फोटो काढायचा होतास. मी काय तुझे हात बांधले होते? दर वेळी आरसा पुढं केला की तूच म्हणायचीस, आरसा कशाला, तू आहेस ना."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. ती असंच म्हणायची, आणि म्हणताना तिला केवढं सुरक्षित वाटायचं.

काचेच्या दारावर पहिल्या गिऱ्हाइकानं टिचकी मारली. थोरली उठली, एप्रन बांधला आणि चेहऱ्यावर रोजचं हसू आणलं. दाराकडं जाता जाता ती म्हणाली, "बुधवारी येते गं तुझ्याकडं. नंबर वाढलाय. शुक्रवारी नव्या पार्लरच्या बोर्डासाठी फोटो काढायचाय, या खिडकीएवढा मोठा लावणार आहेत माझा चेहरा. फ्रेम बघून ठेव, नेहमीसारखी."

झालं ते झालं, आता पुढचं बोलू, अशा थाटात ती बोलली. कदाचित तिच्यापुरतं ते खरंच झालं होतं.

मंगळवारी संध्याकाळी धाकटीनं फडताळातून दोन फ्रेमा काढल्या. पहिली नव्यानंच आलेली होती: रुंद, तपकिरी, वरची कड उचललेली. हातात घेताच तिला त्यात थोरली दिसली. दुसरी दोन वर्षं पडून होती. अरुंद, काळपट, आणि बाहेरच्या बाजूंना खाली उतरत गेलेली. तिशीतलं माणूसही तिच्यात दमलेलं दिसायचं, लांबट चेहऱ्याला तर ती अगदी उतरती कळा लावायची. आजवर धाकटीनं ती कोणाला लावूसुद्धा दिली नव्हती. दोन्ही फ्रेमा पुसून तिनं एका ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. दोन कशाला, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

बुधवारी थोरली आली ती घाईतच. हाताला रंगाचे डाग होते. काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून तिनं जुना चष्मा काढला आणि काचेवर ठेवला. चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान मुलासारखे दिसायचे, उघडे आणि कुठंच न टेकणारे.

धाकटीनं आधी तपकिरी फ्रेम लावली. नाकावर बसवली, दांड्या कानांमागं नेल्या. थोरलीचा चेहरा एकदम उभा राहिला. खिडकीएवढ्या बोर्डावर हा चेहरा कसा दिसेल, ते तिला लख्ख दिसलं. येणारेजाणारे मान वर करून बघतील.

"कशी आहे?" थोरलीनं विचारलं.

"थांब," धाकटी म्हणाली. "दुसरी बघू."

तिनं ती काढली आणि काळपट फ्रेम लावली. थोरलीच्या डोळ्यांचे कोपरे फ्रेमबरोबर खाली आले. गाल आणखी आत गेले. समोर एक थकलेली, कडवट बाई बसली होती आणि आरशात आपल्याला शोधत होती.

"ही?"

"ही."

थोरलीनं अंदाजानं आरशाकडं मान पुढं केली, डोळे बारीक केले, मग पर्समधून फोन काढला. धाकटीचा हात ट्रेच्या कडेवर होता. काढू दे फोटो, तिच्या मनात आलं. काढ ना, बघ तरी एकदा. पण तिनं तसं म्हटलं नाही.

थोरलीनं फोन परत ठेवून दिला.

"कशाला?" ती म्हणाली. "तू आहेस ना."

धाकटीनं बारीक टोकाचं पेन घेतलं. काचेचा मध्य कुठं यायला हवा, त्याची खूण करायची असते, तेव्हा गिऱ्हाइकाच्या अगदी समोर बसावं लागतं.

"माझ्या नाकाकडं बघ. हलू नकोस."

थोरली मुकाट्यानं तिच्या नाकाकडं बघत राहिली. धाकटीनं फ्रेममधल्या दोन्ही साध्या काचांवर एकेक ठिपका दिला. हात जरासुद्धा हलला नाही. मग फ्रेम काढून तिनं ट्रेमध्ये ठेवली, कागदावर नंबर लिहिला आणि ट्रे उचलून आतल्या खोलीच्या खिडकीतून काकांच्या पुढं सरकवला.

ती वळली तेव्हा थोरलीनं जुना चष्मा घातला होता. ती धाकटीकडं बघत होती, रविवारी बघत होती तशी नव्हे. कटाकडं नव्हे, तिच्याकडं.

"सुंदर दिसतेस गं," थोरली म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "हे मी आधीच म्हणायला हवं होतं. तक्त्यावरचा तो फोटो काढून टाकला मी. नव्या पार्लरमध्ये कुरळ्यांच्या रकान्यात तुझा लावणार आहे. येशील ना फोटोला शुक्रवारी? दोघींचा मिळून एक काढू."

बावीस वर्षं ज्या तोंडून हे ऐकायला हवं होतं, त्याच तोंडून ते आलं होतं. एक बट कपाळावर उतरली होती, ती तिनं मागं सारली, ती पुन्हा पुढं आली.

आतल्या खिडकीतून काकांचा हात बाहेर आला. हातात काळपट फ्रेम होती. काकांनी आधी फ्रेमकडं पाहिलं, मग स्टुलावरच्या थोरलीकडं, आणि मग धाकटीकडं.

"हीच ना?" त्यांनी विचारलं. "काच कापायला घेतोय."

थोरली पर्समध्ये रुमाल शोधत होती.

"हीच," धाकटी म्हणाली.

आत यंत्र सुरू झालं.